रांगेत न आलेला म्हातारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका गावचे, नोकरीला पुण्यात. चार वर्षांपासून पाच-सहा मित्र मिळून गावाकडं मदत पाठवता. उन्हाळ्यात टँकर, पोरांच्या शाळा-कॉलेजच्या फिया आणि २०२५ च्या सप्टेंबरात पूर आला तेव्हा धान्याची किटं. आता मन विटलंय. एकाच घराने तीन किटं नेली. ज्याची इंजिनिअरिंगची फी दोन वर्षं भरली तो मुलगा फोन उचलत नाही. किटांवर गावातल्या पुढाऱ्याने स्वतःचा फोटो चिकटवला. तुम्ही विचारलंय, "माणसं अशीच असतात का? एवढी वर्षं काम करून तुम्हाला माणसांबद्दल नेमकं काय कळलं?"

जे कळलं ते सांगते. सगळं गोड नाही, पण मन विटावं असंही नाही.

मी या मदतीच्या कामात १९९३ साली पडले. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक उशिरा घरी येऊन झोपलेले. चारच्या आत जमीन हलली. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वरचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. आम्ही कॉलेजातली दहा-बारा जण दोन दिवसांसाठी म्हणून गेलो. मी परत आले ती दिवाळी उलटल्यावर.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट आहे. औसा तालुक्यातल्या एका गावाबाहेर आमचा ट्रक उभा होता. फाळका पाडलेला, वरून पोरं ब्लँकेटं फेकतायत आणि खाली नुसते हात. पाऊस पडून गेलेला, पायाखाली चिखल. रस्त्याच्या कडेला आधी येऊन गेलेल्या गाड्यांनी टाकलेले जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले. त्यांत शहरातल्या तंग विजारी होत्या, नायलॉनच्या साड्या होत्या. नऊवारी नेसणाऱ्या बायका ते कपडे उलटेपालटे करून परत ठेवत होत्या. ट्रकपासून थोडं लांब, लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारा आमच्याकडे पाठ करून उभा होता. धोतर चिखलाने माखलेलं, डोक्याला पटका नाही. मला वाटलं, याला ऐकू येत नसावं. मी जाऊन म्हटलं, "बाबा, रांगेत या की. तुम्हाला पण मिळेल."

त्यांनी मान वळवली नाही. म्हणाले, "बाई, बाहात्तरच्या दुष्काळात माझ्या बळदातली ज्वारी गावानं खाल्ली. हात कसा पसरायचा ते मला येत नाही."

"मला येत नाही," असं म्हणाले. पोहता येत नाही, सायकल येत नाही, तसं. मी ब्लँकेट पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "काही काम असंल तर सांगा."

माझ्या हातात वही होती, तीच दिली. त्या माणसाने पुढचे चार तास ट्रकजवळ उभं राहून वाटप लावून दिलं. कोणाच्या घरात किती जण उरलेत हे आम्हाला कुठल्या यादीतून कळणार होतं? त्यांना तोंडपाठ होतं. एका पोराकडे बोट करून म्हणाले, "ह्याला दोन देऊ नका, हा एकटाच ऱ्हायलाय. पण आज जेवाय कुणाजवळ तरी बसवा त्याला." फेकाफेकी थांबली. संध्याकाळी वहीच्या शेवटच्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, तेही उर्दूत. निजामाच्या शाळेत शिकलेली ती पिढी. मग एक ब्लँकेट काखेला मारून निघून गेले. त्यांच्या घरातली कोण गेली, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हा मला ते एका मानी म्हाताऱ्याची गोष्ट वाटली होती. पुढे कामात मुरत गेले तशी खात्री पटत गेली की मदत घेणं देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. आपल्याला लबाडी, हावरटपणा, कृतघ्नपणा वाटतो त्यातला फार मोठा भाग म्हणजे माणसाने आपली मान वर ठेवण्यासाठी केलेली धडपड असते. काहींना ती त्या बाबांसारखी नीट जमते. बहुतेकांना वेडीवाकडी जमते, आणि आपण नेमकं तेच वाकडेपण बघून परततो.

आता तुमच्या तीन किटांबद्दल.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही हंगामी वसतिगृहाच्या कामात होतो. तुम्ही परभणीचे, तुम्हाला हे सांगायला नको, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने पेटले की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडतात. लेकरं बरोबर नेली तर शाळा बुडते. म्हणून त्यांना गावातच, आजी-आजोबांजवळ किंवा शाळेत, ठेवून दोन वेळच्या जेवणाची सोय करतात.

त्यात तिसरीतला एक मुलगा होता. स्वयंपाकाच्या मावशींना एक दिवस त्याच्या वळकटीत भाकरीचे तुकडे सापडले. काही वाळून कडक झालेले, काहींवर बुरशी. जेवताना पोटभर मिळत होतं, तरी हा रोज एक-दोन चतकोर चड्डीच्या खिशात घालून नेत होता. आमच्यातल्या दोघांनी त्याला बोलायचं ठरवलं, अन्न वाया जातं म्हणून. मावशी म्हणाल्या, "त्याला काही बोलू नका. म्या बघते." त्या स्वतः चौदा हंगाम कोयत्यावर गेलेल्या.

दुसऱ्या दिवसापासून झोपायच्या खोलीच्या दाराशी त्यांनी एक दुरडी ठेवली. फडक्याने झाकलेल्या भाकरी आणि वाटीत शेंगदाण्याची चटणी. पोरांना एवढंच सांगितलं की ही दुरडी रात्रंदिवस इथंच राहील, भूक लागली की घ्यायची, कुणाला विचारायचं नाही. पहिले काही दिवस दुरडी रात्रीतच रिकामी व्हायची आणि वळकट्या भरायच्या, त्याच्या एकट्याच्या नाही, पाच-सहा पोरांच्या. मावशी पहाटे न बोलता पुन्हा भरायच्या. आमचे हिशेब ठेवणारे गुरुजी ज्वारी बघून अस्वस्थ व्हायचे. हळूहळू सकाळी दुरडीत भाकरी उरायला लागल्या. संक्रांत झाली त्या सुमाराला वळकट्या झटकल्या तर नुसती धूळ निघाली.

म्हणून तुम्हालाच विचारते. किटं वाटली तेव्हा "पुन्हा कधी येणार" हे गावाला सांगितलं होतं का? ज्या घरात जमीन खरडून गेली, सोयाबीन पाण्यात कुजलं, तिथल्या बाईला उद्या परवा कोणी येईल का हे माहीत नव्हतं. तिने तीन किटं उचलली, म्हणजे तिने तिची वळकटी भरली. गाडी एकदाच येणार असेल तर माणूस एकदाच काय ते ओढून घेतो. तीच बाई, गाडी दर महिन्याच्या पाच तारखेला येते असं दोनदा अनुभवलं, की तिसऱ्यांदा शेजारणीला हाक मारून आणते. हे मी एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी पाहिलंय.

२०१६ साली लातूरला याचंच मोठं रूप दिसलं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावायची वेळ आली होती. बाहेरून आलेले लोक म्हणायचे, तहान लागली की माणूस जनावर होतो. मी तेव्हा दोन गल्ल्यांमध्ये रोज जात होते. पाणी दोन्हीकडं सारखंच कमी. एका गल्लीत टँकर कधीही यायचा. आला की पाइप, घागरी, शिव्या, एकदा तर एकीचं डोकं फुटलं. दुसऱ्या गल्लीत बायकांनी एका पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर खडूने घरांचे नंबर लिहून पाळी लावली होती, आणि आज पाळी चुकली तर उद्या पहिली असा नियम केला होता. तिथे मी तीन महिन्यांत मोठं भांडण पाहिलं नाही. एका बाळंतिणीच्या घरी तर रोज कोणीतरी एक कळशी जास्तीची ठेवून जायचं. माणसं त्याच जातीपातीची, त्याच पगाराची. कमी मिळेल याला माणूस तयार होतो. मिळेल की नाही, हेच कळत नसलं की तो बिथरतो.

याचा अर्थ कोणी फसवतच नाही असा नाही. फसवतात. भूकंपानंतर एका भल्या घरच्या माणसाने शेडसाठी दिलेले पत्रे आठवडी बाजारात विकले, आणि त्याचं स्वतःचं घर धड उभं होतं. मी तेव्हा चिडून खूप बोलले आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. नंतर आम्ही एक रीत धरली. यादी गावातल्या दोन-तीन बायकांनी करायची आणि मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. वाचताना नाव आलं आणि लोक गप्प झाले की समजायचं, इथं काहीतरी आहे. बऱ्याचदा तो माणूस स्वतःच उठून म्हणतो, "माझं राहू द्या, त्या पारूचं घाला." चार माणसांसमोर मोठेपणा करायची संधी मिळाली की ज्याला आपण लबाड म्हणतो तोही ती सोडत नाही. यादी मात्र सरपंचाच्या घरात बसून करू नका. फोटो चिकटवणाऱ्यांचं निम्मं काम तिथेच होतं. किटावर काहीच छापायचं नाही, साध्या पोत्यात भरायचं आणि वाटपाची वेळ फक्त पाराला सांगायची. पुढाऱ्यावर यापेक्षा जास्त विचार खर्च करू नका.

लोक खोटं का बोलतात यावर मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण त्यात आपला, म्हणजे मदत देणाऱ्यांचा, हात मोठा आहे.

शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारकडून घरच्यांना एक लाख रुपये मिळतात. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव म्हणून. त्यासाठी प्रकरण पात्र ठरावं लागतं. शेतजमीन घरच्या नावावर हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं हवं. ते फेडता आलं नाही आणि वसुलीचा तगादा होता हेही दिसलं पाहिजे. आता गावातलं कर्ज कसं असतं? थोडं सोसायटीचं, थोडं कृषी दुकानदाराकडचं खताचं-औषधाचं, थोडं मेव्हण्याकडून, आणि मोठा आकडा अशा माणसाकडचा ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. दुकानदाराचं, मेव्हण्याचं आणि त्या बिनकागदी माणसाचं या हिशेबात धरतच नाहीत.

अशी एक बाई माझ्यासमोर बसली होती. तेरावा होऊन आठ दिवस झालेले, कडेवर दीड वर्षाची पोरगी. चौकशीला आलेल्या माणसाने विचारलं, "दारू प्यायचा का?" ती म्हणाली, "नाही." तो प्यायचा. सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही होतं. शेवटचं वर्षभर, बोअर कोरडी गेल्यापासून, तो रोज प्यायचा. ती खोटं बोलली, आणि माझ्याकडे बघून तिने मान खाली घातली.

तिच्या त्या "नाही"ला मी लबाडी म्हणत नाही. खरं सांगितलं असतं तर शेरा पडला असता की दारूमुळे मेला, आणि बोअरसाठी काढलेलं कर्ज, दोन वर्षांची नापिकी, सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं गेलं असतं. आपले फॉर्म असे असतात की माणसाने स्वतःची गोष्ट कापून त्या चौकटीत बसवली तरच मदत मिळते. पाच-दहा फॉर्म भरले की माणूस आपोआप कापायला शिकतो. मग आपण म्हणतो, हे लोक सराईत झालेत. सराईत कोणी केलं? म्हणून मी नव्या कार्यकर्त्यांना सांगते की पहिल्या भेटीत वही काढायची नाही. चहा घ्या, लेकरांची नावं विचारा, उठून या. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खरं आपणहून बाहेर येतं. वेळ जातो, मान्य आहे.

देणाऱ्यांबद्दल थोडं. एकदा शहरातले एक सद्गृहस्थ अशाच एका घरी भेटीला आले. त्यांनी मोठी रक्कम दिली होती आणि मनाने चांगले होते. घरात टीव्ही दिसला, भिंतीवर डिशची छत्री. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "यांना काय गरज आहे हो?" तो टीव्ही नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी, कापूस बरा झाला त्या साली आणलेला. तो विकून किती आले असते? आणि संध्याकाळी लेकरं कुणाच्या दारात जाऊन उभी राहिली असती? माझ्या लक्षात आलंय की आपल्याला गरीब माणूस गरीब दिसलेला हवा असतो. त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट दिसला की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. हे माझ्यातही होतं. अजूनही डोकं वर काढतं. नवं घर बघायला गेले की नजर आधी कोपऱ्यात जाते, मग मी तिला मागे आणते.

माझ्या हातून याहून मोठी चूक झाली आहे, ती तुमच्या उपयोगाची आहे. विधवा बायकांना शिलाई मशिनी द्यायचा आम्ही सपाटा लावला होता. देणगीदारांना मशीन आवडतं, फोटोत छान दिसतं. दोनशे उंबऱ्यांच्या एका गावात आम्ही सहा मशिनी दिल्या. वर्षाने गेले तर पाचांवर धुतलेले कपडे वाळत होते. गावात शिवून घेणारी माणसं किती, ब्लाऊजचा दर काय, हे आम्ही मोजलंच नव्हतं. मी त्यांतल्या एकीला जरा रागानेच विचारलं, "मग घेतलीस कशाला?" ती म्हणाली, "ताई, तुम्ही एवढ्या लांबून आणली. नको कसं म्हणू?"

मग बोलता बोलता तिला काय हवं होतं ते निघालं. नवऱ्याच्या नावची अडीच एकर होती. वारस म्हणून तिचं नाव सातबाऱ्यावर लागत नव्हतं, कारण दीर तलाठ्याकडे जाऊ देत नव्हता. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही, काही नाही. तिला कोणीतरी अर्ज लिहून द्यायला आणि तलाठी सज्जावर तिच्याबरोबर उभं राहायला हवं होतं. अर्ज दिला की फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरतात, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. दिराने हरकत घेतली, सुनावणी लागली, चार महिने गेले. माझ्या खिशातून गेलं ते बसभाडं आणि झेरॉक्स. मशीन पाच-सहा हजारांचं होतं. देणाऱ्याला "नको" म्हणता येत नाही, ही घेणाऱ्याची फार मोठी अडचण असते, आणि त्या बिचाऱ्याच्या भिडेला आपण संमती समजतो.

पुढे चार-पाच वर्षांनी तिने दुसरं लग्न केलं. मला कळवलं नाही. मला दुसऱ्याच कोणाकडून समजलं, आणि खरं सांगते, मला फार लागलं. किती धावपळ केली हिच्यासाठी, एक फोन करू नये? रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी आईजवळ बोलले. आई म्हणाली, "तिनं तुला कळवायचं म्हणजे तुला विचारायचं. तिला विचारायचं नव्हतं." मी ज्या बाईला स्वतःच्या पायावर उभं करायला निघाले होते, ती उभी राहिली तेव्हा मलाच सोसलं नाही. लोकांना आपली गरज लागते ह्याची गोडी लागते. आपण काम करणारे सगळ्यांत जास्त तिथेच घसरतो, आणि ते दाखवायला सहसा कोणी नसतं.

एक गोष्ट वाईट आहे, ती झाकत नाही. किल्लारी भागात पहिले आठ-दहा दिवस एकच चूल होती. कोणी कोणाच्या हातचं खाल्लं, कोणी कोणाची प्रेतं उचलली, याचा हिशेब नव्हता. मला वाटलं, जातपात त्या दगडांखाली गेली. तिसऱ्या आठवड्यात आमच्या शेडमध्ये दोन पंगती पडल्या. पाण्याच्या ड्रमवर वेगळा तांब्या आला. ज्या हातांनी वेगळा तांब्या ठेवला, त्याच हातांनी पहिल्या रात्री दलित वस्तीतलं लेकरू ढिगाऱ्यातून काढलेलं मी पाहिलं होतं. दोन्ही खरं आहे. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. मी ज्या गावात होते तिथं तरी गल्ल्या पुन्हा जुन्या ओळीनेच बसल्या. संकटात माणूस चांगला होतो हे खरं आहे, पण संकट संपलं की आपोआप तसाच राहत नाही. ते टिकवायचं असेल तर पहिल्या दहा दिवसांतच काही पक्कं करून घ्यावं लागतं. आम्ही नंतर प्रत्येक शिबिरात पहिल्याच दिवशी वाढपी मिसळून लावायला लागलो, वाढायला कोण आणि कोणाच्या शेजारी कोण हे ठरवून. तेवढ्याने जात गेली नाही. पण दुसरा तांब्या आला नाही.

आता तो फोन न उचलणारा मुलगा.

आपल्याकडं एक शब्द आहे, मिंधा. मिंध्या माणसाला समोरच्याकडे सरळ बघता येत नाही. मिंधेपणा घालवायच्या गावाच्या स्वतःच्या रीती होत्या. लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवतात, कोणी किती दिले, आणि त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढाच किंवा पाच-दहा जास्त परत करतात. शहरातल्या लोकांना ती वही कोती वाटते. मला ती फार शहाणपणाची वाटते. त्या वहीमुळे आहेर घेणारा कधी मिंधा होत नाही, त्याला माहीत असतं की आपलीही पाळी येणार. सावडीचंही तेच, आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. तुम्ही त्या मुलाची दोन वर्षांची फी भरली आणि "परत काही नको" म्हणालात. चांगल्या मनाने म्हणालात. पण त्याच्या वहीत तुमचं नाव लिहिलं गेलं आणि समोरचा रकाना कायमचा मोकळा राहिला. तुमचा फोन वाजला की त्याला ती मोकळी जागा दिसते. कदाचित एखादा विषय राहिला असेल, कदाचित नोकरी लागली नसेल, तेही सांगायची लाज असेल. त्याला कृतघ्न म्हणायची घाई करू नका.

२००१ साली भूजला भूकंप झाला तेव्हा आमच्या लातूर-उस्मानाबादकडच्या बायका गुजरातेत गेल्या होत्या, तिकडच्या बायकांना धीर द्यायला, घर बांधून घेताना काय बघायचं ते सांगायला. भाषा येत नव्हती. यांतल्या कितीतरी जणी आठ वर्षांपूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये बसून दुसऱ्यांनी दिलेल्या ताटात जेवलेल्या. तिकडून आलेल्या एकीला मी विचारलं, "काय केलंत तिथं?" म्हणाली, "काई नाही ओ, नुसतं सांगितलं, आमचं बी असंच झालतं." आणि हे सांगताना तिचा आवाज मी आठ वर्षांत पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला.

तेव्हा तुम्ही त्या मुलाला फोन करू नका. त्याच्या गावातल्या कोणाबरोबर निरोप पाठवा. येत्या उन्हाळ्यात गावातल्या नववी-दहावीच्या सहा-सात पोरांना गणित शिकवायचं आहे, शाळेचा वर्ग मिळतोय, रोज दीड तास, तुझ्याशिवाय गावात कोणाला इंजिनिअरिंगचं गणित येत नाही, येशील का. खरंच तसा वर्ग लावा, नुसतं निमित्त करू नका. निरोपात फीचा विषय नको, तुमची तब्येत, त्याची तब्येत, तेही नको. वर्गाची वेळ आणि खडूचा डबा कुठे ठेवलाय, एवढंच कळवा.